‘पहाडी आवाजाचे चरित्र अभिनेते’ म्हणावं का?

ब्रिटिश नट ब्रायन ब्लेस्ड यांच्यावर मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. इंग्रजीत त्यांची ओळख ‘बूमिंग’ (घुमणाऱ्या) आवाजाचा ‘कॅरॅक्टर ॲक्टर’, म्हणजे नायकाऐवजी वैशिष्ट्यपूर्ण पात्रं रंगवणारा नट, अशी करून देतात. मराठीत ‘पहाडी आवाजाचे चरित्र अभिनेते’ म्हटलं तर चालेल का?

आधी उत्तरार्ध घेऊ, कारण खरी गोम तिथे आहे. ‘चरित्र अभिनेता’ आपल्याकडे हिंदी चित्रसृष्टीतून आला. हिंदीत ‘चरित्र’ म्हणजे शीलही आणि नाटक-सिनेमातलं पात्रही. मराठीने ही कामं वाटून दिली आहेत. शील ते चारित्र्य, रंगमंचावर येतं ते पात्र, आणि चरित्र म्हणजे जीवनकथा : लीळाचरित्र, शिवचरित्र, अलीकडचा चरित्रपट. त्यामुळे हा शब्द पहिल्यांदाच वाचणाऱ्याला चरित्रपटांत काम करणारा नट डोळ्यांसमोर आला तर त्याचा दोष नाही. तरीही शब्द रुळलाय, वर्तमानपत्रं बिनदिक्कत वापरतात. त्याला बाद करण्यात हशील नाही. ‘सहायक अभिनेता’ मात्र नको. तो पुरस्कारांच्या यादीतला शब्द. ब्लेस्ड पडद्यावर आले की साहाय्य कसलं, समोरच्यालाच सांभाळून घ्यावं लागतं!

आता आवाज. ‘पहाडी’ म्हटलं की मराठी कानाला शाहीर ऐकू येतो : डफाची थाप, उंच पट्टी, मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा मोकळा गळा. अमर शेखांच्या आवाजाला हे विशेषण चपखल बसतं. ब्लेस्ड यांचा आवाज खालच्या पट्टीतला, छातीतून उसळणारा. (बाकी हा गृहस्थ एव्हरेस्टवर तीनदा चाल करून गेलाय, १९९३ साली सुमारे २८ हजार फुटांपर्यंत. त्या अर्थी ‘पहाडी’ म्हणायचं असेल तर हरकत नाही.) ‘खणखणीत’ हे स्पष्ट, टणत्कार असलेल्या आवाजाला शोभतं, ‘धीरगंभीर’मध्ये शांतपणा येतो आणि ‘भसाडा’ म्हणजे सरळ निंदा. उरतात ‘बुलंद’, ‘भरदार’ आणि ‘गडगडाटी’.

यांतलं कोणतं, हे कोणत्या भूमिकेबद्दल लिहिताय त्यावर ठरवा. १९८०च्या ‘फ्लॅश गॉर्डन’ चित्रपटात ते पंखवाल्या माणसांचे प्रमुख प्रिन्स व्हल्टन झाले. ‘गॉर्डन्स अलाइव्ह!’ ही तिथली त्यांची आरोळी पुढे त्यांना जन्माची चिकटली. तो आवाज गडगडाटी, आणि हसू सातमजली. १९८३च्या ‘ब्लॅकॲडर’ या विनोदी मालिकेतला त्यांचा राजा रिचर्डही त्याच जातीचा.

पण १९७६च्या बीबीसी मालिकेत, ‘आय, क्लॉडियस’मध्ये, ते सम्राट ऑगस्टस होते. तिथला आवाज भरदार. घरातल्या कर्त्या माणसाचा, प्रेमळ आणि मध्येच भडकणारा. त्यांचा मृत्युप्रसंग तर मुद्दाम बघावा. विषारी अंजीर खाऊन सम्राट अंथरुणावर पडलाय, बायको लिव्हिया त्याच्याशी बोलत राहते. कॅमेरा बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावरून हलत नाही आणि ते एक शब्दही उच्चारत नाहीत. चेहऱ्यातला जीव कोणत्या क्षणी गेला, ते नेमकं सांगता येत नाही. केनेथ ब्रानाच्या १९९६च्या ‘हॅम्लेट’मध्ये ते भूत झालेत, आणि तिथे चक्क घोगरं कुजबुजतात.

१९३६ साली यॉर्कशरमधल्या मेक्सबरो गावी, खाणकामगाराच्या घरी जन्मलेला हा माणूस १९६२मध्ये ‘झेड कार्स’ मालिकेतला पोलीस शिपाई म्हणून घराघरांत पोचला. एवढ्या सगळ्याला एक विशेषण हवंच असेल तर ‘बुलंद’ घ्या. ‘बुलंद आवाजाचे ब्रिटिश चरित्र अभिनेते’ असं लिहा. जागा कमी असेल तर नुसतं ‘नट’ लिहा. तो शब्द हल्ली उगाच कमी दर्जाचा मानतात.