टेक्सासच्या लेक फोर्क तळ्यावर जूननंतर बास मासा का लागत नाही: माझे वाया गेलेले दोन उन्हाळे

"मार्च-एप्रिलमध्ये काठालाच बास मिळत होते, जूनपासून तीस-पस्तीस फुटांवर गळ सोडतोय, एक झटकाही नाही." तुमचं हे वाक्य वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. मी डॅलसला आल्यावर माझे दोन उन्हाळे असेच गेले.

रॉड, दोरी, गाठी यांवर लिहीत नाही. वसंतात मासे काढलेत म्हणजे ते तुम्हाला येतंच.

मला एका दुकानदाराने "उन्हाळ्यात खोल जा" असं सांगून खोल बुडणारे महागडे क्रँकबेट (माशासारखी दिसणारी नकली आमिषं) गळ्यात मारले. मालवणात लहानपणापासून गरवलेलं, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं हा माजही होता. खाली पाणी गार, म्हणजे मासा खालीच, असा माझा हिशोब. तो साफ चुकला. उन्हाने तापलेलं पाणी हलकं, ते वरच राहतं. गार पाणी जड, ते तळाशी. उन्हाळाभर दोन्ही फारसे मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा पाला तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतो आणि वरून नवा पोचत नाही. मधल्या थराला थर्मोक्लाइन म्हणतात. त्याच्याखाली बास सोडा, त्याचं खाद्य असलेला शॅड हा छोटा मासाही थांबत नाही. मी दोन उन्हाळे रिकाम्या घराची कडी वाजवत होतो.

एका सरकारी कार्यालयाला फोनही केला होता, की ऑक्सिजन किती फुटांपर्यंत असतो. तीन टेबलं फिरून शेवटच्या बाईंनी बोट उतरवायची फी सांगितली. गावाकडच्या कचेरीत हेलपाटे घातले तर निदान चहा तरी मिळतो.

आणि उत्तर माझ्याच बोटीवर होतं! सोनारच्या (आवाजाच्या लहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर मधोमध एक धूसर पट्टा दिसायचा. मी त्याला कचरा समजून सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, कमी करायचो आणि पडदा स्वच्छ झाला म्हणून खूश व्हायचो. तोच थर्मोक्लाइन. तुम्ही उलट करा, पट्टा ठळक होईपर्यंत सेन्सिटिव्हिटी वाढवा. माझ्या वहीत जुलै-ऑगस्टला तो बहुधा वीस फुटांच्या आसपास आहे, पण दरवर्षी सरकतो, तेव्हा माझा आकडा धरून बसू नका. पट्ट्याच्या जरा वर माथा असलेले उंचवटे आणि बुडालेले जुने रस्ते शोधा, पहाटे तिथे कॅरोलायना रिग (पुढे वजन, मागे आमिष अशी जोडणी) तळावरून सावकाश ओढा.

शरदात वरचं पाणी गार होऊन खाली बसतं, सगळं ढवळलं जातं. ते काही दिवस घरी झोपलेलं बरं. नंतर शॅड ओढ्यांच्या फाट्यांत शिरतो, त्याच्या मागे बास. हिवाळ्यात मात्र ऑक्सिजन तळापर्यंत असतो, तेव्हा दुकानदाराचं "खोल जा" खरं ठरतं. टेक्सासचा १८.१८ पौंडांचा विक्रमी बास याच तळ्यात जानेवारी १९९२ मध्ये लागला, तोही क्रॅपी या दुसऱ्या माशासाठी आमिष म्हणून लावलेल्या जिवंत मिनोला (छोट्या माशाला).

वसंतात घरट्यावर बसलेला नर उचलू नये असं माझं ठाम मत आहे. कायद्याने बंदी नाही, त्यामुळे भांडायला येऊ नका.

स्लॉट, म्हणजे लांबीचा नियम, तुम्हाला माहीतच असेल: १६ ते २४ इंचांमधला बास परत सोडायचा. पण मोजताना तोंड मिटवून शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत धरा, अर्धा इंच सहज फरक पडतो. नियम बदलत असतात, जाण्याआधी एकदा तपासा. आणि १९८० मध्ये पाणी अडवलं तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली होती. खुणा केलेली बोटीची वाट सोडून वेगात जाऊ नका. माझा एक प्रोपेलर तिथेच गेलाय, पण ती कथा वेगळी.

शनिवारी गेलात तर पट्टा किती फुटांवर दिसला ते इथे लिहा. मी पुढच्या आठवड्यात जातोय.