पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी नाटकातल्या हिरोइनचं अन् साध्या शेतकऱ्याच्या पोट्ट्याचं जमू शकते का?

जमते ना भाऊ, काऊन नाही जमत! माधुरी दीक्षितनं १९९९ मध्ये डॉक्टर नेनेंसोबत लग्न केलं, ते हार्टचे सर्जन, पिक्चरवाले नव्हते. पण तिचं रुटीन आधी समजून घे. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की वडश्याहून, म्हणजे गडचिरोलीकडच्या नाटकवाल्यांच्या गावाहून, नाटक कंपनीची गाडी निघते, आज या गावची मंडई म्हणजे जत्रा, उद्या तिकडचा शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, तिथं नाटक रात्रभर चालते आणि ती पहाटे मेकअप पुसून दिवसा झोपते, तेव्हा तू धानाच्या चुरण्यात, म्हणजे मळणीत असशील, फोन उचलला नाही म्हणून रुसू नको. अन् गावातले लोक स्टेजवरच्या बाईबद्दल काहीबाही बोलतात, मले ते लय लागते, मेहनतीची कमाई आहे तिची. घरी आईले तूच सांग, बाहेरून कळू देऊ नको.