आजोबांच्या ट्रंकेतला भोकाचा आरसा

तुमचे आजोबा डॉक्टर होते आणि त्यांच्या ट्रंकेत मखमली अस्तराच्या डबीत मधोमध भोक असलेला छोटा गोल आरसा, बारीक दांडा नि दोन सुटी भिंगं सापडली. हे काय, असं तुम्ही विचारलंय.

हा जुना ऑप्थॅल्मोस्कोप वाटतो, म्हणजे डोळ्याचा आतला पडदा बघायचं साधन. कान-नाक-घशाचे डॉक्टर कपाळाला बांधतात तो आरसाही भोकाचाच, पण तो चांगला तळहाताएवढा असतो आणि त्याला दांडा नसून पट्टा असतो. सुटी भिंगं त्याच्यासोबत नसतात. आरशात जवळून चेहरा पाहा. मोठा दिसला तर आरसा अंतर्वक्र, म्हणजे आत खोलगट, आणि माझा अंदाज आणखी बळकट.

खरी गंमत त्या भोकात आहे. बाहुली काळी दिसते कारण आत गेलेला उजेड आला त्याच वाटेनं परत फिरतो, आणि तो पकडायला त्या वाटेत डोकं घालावं तर दिवाच झाकला जातो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरून यातून मार्ग काढला, पण उजेड फार कमी मिळे. पुढच्याच वर्षी जर्मन नेत्रतज्ज्ञ र्‍यूटेनं भोकाचा अंतर्वक्र आरसा आणला. (बॅबेज, तोच गणकयंत्रवाला, त्यानं १८४७ लाच असं काही बनवून एका डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं होतं. त्या डॉक्टरला त्यात काही विशेष वाटलं नाही!)

वापर असा: अंधारी खोली, पेशंटच्या डोक्याशेजारी जरा मागे दिवा. आरशानं उजेड बाहुलीत सोडायचा, भोकातून बघायचं आणि दुसऱ्या हातातलं भिंग पेशंटच्या डोळ्यापुढे धरायचं. पडदा उलटा दिसतो, वरचं खाली. शिकताना सगळ्यांचाच गोंधळ उडतो.

मी चष्म्याचा नंबर काढायचं शिकलो तेव्हा आमच्याकडे याचाच चुलतभाऊ होता, प्रीस्टली स्मिथ आरसा. मीटरभरावरून तो हलवायचा आणि बाहुलीतली सावली कुठे सरकते ते पाहायचं. आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांत तो नंतरही बरीच वर्षं टिकला.

एक विनंती, ब्रासो लावू नका. आरशाचा पारा उडाला तर तो परत बसवून वस्तूची किंमत येत नाही. मऊ कोरड्या फडक्यानं धूळ झटका, एवढं पुरे. आणि उन्हात धरून कुणाच्या डोळ्यात कवडसा पाडू नका, मुलांना तर हातच लावू देऊ नका. दांड्यावर किंवा डबीच्या झाकणात बनवणाऱ्याचं नाव कोरलंय का? असेल तर फोटो टाका.