पान वाचलंस त्याच दिवशी

प्रिय,

मसुदा वाचला. युक्तिवाद जमलाय. संदर्भसूचीत मात्र चार ठिकाणी तू नुसतं 'गुगल' लिहिलं आहेस. अरे, गुगलने फक्त रस्ता दाखवला. माहिती ज्याच्या दारात मिळाली त्याचं नाव हवं. लेखकाचं नाव नसेल तर संस्थेचं, तेही नसेल तर नोंद शीर्षकापासून सुरू करायची.

माझ्या प्रबंधात मी एक दुवा दिला होता, पान कधी पाहिलं ती तारीख न टाकता. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तो तिथेच उघडला. पान जागेवर होतं, आकडे बदललेले! मी खोटं लिहिलं नव्हतं, पण ते दाखवायला हातात काहीच नव्हतं. तेव्हापासून महत्त्वाचं पान वाचलं की त्याच दिवशी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करतो. जतन झालेल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा आकडे दिसतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. परीक्षकांपुढे ठेवायला याहून पक्का पुरावा नाही. आणि पानं नुसती बदलतात असं नाही, नाहीशीही होतात. २०१३ मधल्या पानांचा नमुना प्यू रिसर्च सेंटरने तपासला, तेव्हा दहा वर्षांनी त्यातली ३८ टक्के उघडतच नव्हती.

शोधनिबंधाला हा खटाटोप सहसा लागत नाही, कारण त्याला डीओआय असतो, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक, १० ने सुरू होणारा. नियतकालिकाने संकेतस्थळ बदललं की प्रकाशकाने नोंदीतला पत्ता बदलायचा. आपला दुवा तोच राहतो. म्हणून ब्राउझरमधला लांबलचक पत्ता उचलू नकोस. डीओआय नसेल आणि तोच पत्ता द्यावा लागला, तर प्रश्नचिन्हापुढची 'यूटीएम'वाली शेपटी छाट. ती फक्त तू कुठून तिथे पोचलास याची चुगली करते. छाटल्यावर दुवा नव्या खिडकीत उघडून बघ मात्र. काही ठिकाणी लेखाचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर असतो.

पाहिल्याची तारीख एपीए या संदर्भलेखनाच्या पद्धतीची सातवी आवृत्ती फक्त बदलत्या पानांसाठी मागते. मी म्हणेन, तुझ्या वहीत ती सगळ्यांची असू दे.

विकिपीडियाबद्दल विचारलं होतंस. तिथल्या तळटिपेतून मूळ लेखापर्यंत जा आणि तो वाचून त्याचाच संदर्भ दे. मूळ न वाचता तळटीप उचलली की कळतं रे, पृष्ठक्रमांकाची चूकसुद्धा जशीच्या तशी येते. तुझ्या सूचीत अशी एक आलीय. कुठली, ते तूच शोध आणि सुधारलेली सूची पाठव.

तुझा,
सर