डिस्क भरली की सर्व्हर रीस्टार्ट करण्याशिवाय मार्ग नसतो का? रोजच्या कामाला युनिक्सच्या कोणत्या कमांड यायलाच हव्यात?

मार्ग असतो, आणि बहुतेक वेळा दोन-चार कमांडचाच असतो. कमांडच्या यादीचं शेवटी थोडक्यात सांगतो, कारण यादी तोंडपाठ असलेली माणसंही डिस्क भरली की आधी रीबूट करतात आणि मला राग त्याचाच येतो. 'एलएस', 'सीडी', 'ग्रेप' तुम्हाला येतं असं धरून चालतो.

हमखास घडणारा एक प्रकार मुळापासून बघू. लिनक्स सर्व्हर, १०० जीबीचं रूट पार्टिशन, त्यावर एक्स्ट-फोर ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत). ॲप्लिकेशन 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' म्हणत बंद पडतं. डिस्कचा हिशेब देणारं 'डीएफ -एच' सांगतं : आकार १००, वापर ९५, शिल्लक ०. (उरलेले ५ कुठे गेले? एक्स्ट-फोर मुळातच ५ टक्के जागा रूट यूझरसाठी, म्हणजे ॲडमिनसाठी, राखून ठेवतं. साध्या यूझरच्या नावाने चालणाऱ्या प्रोसेसला ती मिळत नाही.) मग कोणीतरी /व्हार/लॉगमधली ५७ जीबीची लॉग फाइल 'आरएम'ने उडवतं. पुन्हा 'डीएफ' बघावं तर आकडा हललेलाच नाही. 'सुडो डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / | सॉर्ट -एच' ही फाइलींच्या आकारांची बेरीज मात्र एकूण ३८ जीबी दाखवते. इथे हमखास कोणीतरी म्हणतं, "फाइलसिस्टिम करप्ट झालीय, रीबूट मार."

करप्ट काहीही झालेलं नसतं. 'आरएम' फाइल पुसत नाही. डिरेक्टरीतलं नाव काढतं आणि आयनोडवरचा (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) लिंक काउंट, म्हणजे त्या फाइलच्या नावांची संख्या, एकने कमी करतं, बस्स. ब्लॉक मोकळे व्हायला हा काउंट शून्य व्हावा लागतो आणि ती फाइल कुठल्याही प्रोसेसने उघडी धरलेली नसावी लागते. आपल्या ॲप्लिकेशनने लॉग उघडाच ठेवलाय. 'डीयू' नावांच्या मागे डिरेक्टरी फिरतं, त्याला बिननावाची फाइल दिसत नाही. 'डीएफ' थेट फाइलसिस्टिमकडून वापरातल्या ब्लॉकचा हिशेब घेतं. तफावत तिथली आहे.

आता उघड्या फाइली दाखवणारं 'सुडो एलएसओएफ +एल१' चालवा, यातला एल कॅपिटल. लिंक काउंट १पेक्षा कमी असलेल्या, तरीही उघड्या असलेल्या फाइलींचीच यादी येते. समजा, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४२१७, एफडीच्या (फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे प्रोसेसने उघडलेल्या फाइलचा क्रमांक) रकान्यात '३डब्ल्यू', आकार ५७ जीबी, नावापुढे 'डिलीटेड'. ३ हा डिस्क्रिप्टरचा नंबर, डब्ल्यू म्हणजे लिहिण्यासाठी उघडलेली. मग फाइल रिकामी करणारं 'सुडो ट्रंकेट -एस ० /प्रॉक/४२१७/एफडी/३' आणि लगेच 'डीएफ'. जागा मोकळी, प्रोसेस सुरूच. काही जण 'सुडो'पुढे '>' लावून हेच करू बघतात आणि 'परमिशन डिनाइड' खातात, कारण रीडायरेक्शन तुमचं शेल करतं, 'सुडो' नाही.

हे फक्त लॉगवर करा. 'एलएसओएफ'च्या त्याच यादीत डेटाबेसच्या तात्पुरत्या फाइलीही दिसतात. मायएसक्यूएल त्या मुद्दामच उघडून लगेच अनलिंक करतं, म्हणजे त्यांचं नाव काढून टाकतं. त्यांना हात लावाल तर चालता डेटाबेस बिघडवाल. आणखी एक गोष्ट : प्रोसेसने लॉग अपेंड मोडमध्ये (कायम फाइलच्या शेवटी लिहिण्यासाठी) उघडला नसेल, तर ट्रंकेटनंतरही ती जुन्याच ऑफसेटवर लिहीत राहते. फाइलचा आकार पुन्हा ५७ जीबी दिसतो, पण मधला भाग पोकळ असतो आणि डिस्कवर जागा घेत नाही. तेव्हा आकड्याला घाबरू नका.

आता 'रीबूट मार'वाल्यांचं. रीबूटने जागा मोकळी होते, हे खरं. प्रोसेस मरते, डिस्क्रिप्टर बंद होतो, ब्लॉक सुटतात. म्हणूनच त्यांना आपलं बरोबर वाटतं आणि म्हणूनच ही सवय सुटत नाही. पण कोणत्या प्रोसेसने काय धरून ठेवलं होतं हा पुरावाही त्याच क्षणी जातो, आणि डिस्क काही दिवसांनी पुन्हा भरते. मूळ कारण बहुतेक वेळा लॉगरोटेटमध्ये, म्हणजे लॉग ठरावीक काळाने बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये, सापडतं. लॉगरोटेट फाइलचं नाव बदलतं, जुनी फाइल कॉम्प्रेस करतं आणि मूळची काढून टाकतं. प्रोसेसला मात्र कोणी सांगतच नाही, ती त्या काढलेल्या फाइलीतच लिहीत बसते. उपाय म्हणजे 'पोस्टरोटेट'मध्ये प्रोसेसला लॉग पुन्हा उघडायचा सिग्नल देणं, बऱ्याच डीमनना (मागे चालणाऱ्या प्रोसेसना) त्यासाठी 'हप' हा सिग्नल चालतो. सोबत 'डिलेकॉम्प्रेस' (जुनी फाइल पुढच्या फेरीपर्यंत कॉम्प्रेस न करणं) ठेवा. सिग्नल समजतच नसेल तर 'कॉपीट्रंकेट' (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल रिकामी करणं), पण त्यात कॉपी आणि ट्रंकेट यांच्यामधल्या काही ओळी हरवू शकतात. ऑडिटचे लॉग असतील तर मी ते वापरणार नाही. हे दुरुस्त न करता रीबूट करणं म्हणजे काम पुढे ढकलणं, आणि जो तसं करतो त्याने त्याला 'फिक्स' म्हणू नये.

'एलएसओएफ'मध्ये काही नसेल तर 'डीएफ -आय' बघा. जागा असूनही आयनोड संपले की एरर अगदी तोच येतो. सेशनच्या किंवा मेल क्यूच्या लाखो बारीक फाइली साठल्या की हे होतं. तेही ठीक असेल तर एखाद्या माउंटखाली दबलेल्या फाइली शोधा. डिस्क माउंट नसताना बॅकअप /डेटामध्ये लिहिला गेला आणि नंतर वरून डिस्क माउंट झाली, की तो 'डीयू'ला दिसत नाही. 'सुडो माउंट --बाइंड / /एमएनटी' करून /एमएनटी/डेटा तपासा. आणि 'डीयू' नेहमी 'सुडो'नेच चालवा, नाहीतर ज्या डिरेक्टरी वाचता येत नाहीत त्यांचा आकार बेरजेत येतच नाही.

बाकी रोजचं : 'पीएस ऑक्स', 'फ्री -एच' (यात 'फ्री' नव्हे, 'अव्हेलेबल' हा रकाना वाचायचा), पोर्ट कोणी धरलाय त्यासाठी 'एसएस -एलटीएनपी', सर्व्हिसच्या लॉगसाठी 'जर्नलसीटीएल -यू' आणि पुढे सर्व्हिसचं नाव. 'किल'ला आधी साधा टर्म, म्हणजे १५ द्या. ९ दिला की प्रोसेसला आवराआवर करायची संधीच मिळत नाही, लॉक आणि टेंप फाइली मागे राहतात. 'फाइंड'मध्ये '-डिलीट' अगदी शेवटी लिहा. '-नेम'च्या आधी लिहिलंत तर नाव न बघताच सगळं उडतं. आणि '-एमटाइम +७' म्हणजे पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइली, सात नव्हे.

एक मान्य करतो, रीबूट कधीकधी लागतोच. नवीन कर्नल टाकला असेल, किंवा प्रोसेस 'डी' स्टेटमध्ये अडकली असेल. ती आयओची वाट बघत असते, आणि तो आयओ परत येईपर्यंत 'किल -९'लाही दाद देत नाही. तेव्हा खुशाल करा. फक्त आधी 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय'ने एफएसटॅब (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) तपासा, कारण त्यातली चुकीची एक ओळ सर्व्हरला इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन ठेवते. 'सिस्टिमसीटीएल इज-एनेबल्ड'ने तुमची सर्व्हिस बूटला आपोआप उठते का ते बघा. आणि 'एलएसओएफ +एल१'चं आउटपुट दुसऱ्या मशिनवर कॉपी करून मगच रीबूट करा.