भाड्याच्या घराची सजावट : आधी भिंतीची ओल पाहा, मग वॉलपेपरचा विचार करा

शाहूपुरीतील दोन खोल्यांचे घर, अकरा महिन्यांचा करार, खिळे ठोकण्यास मालकांची मनाई, हाताशी दहा हजार रुपये आणि पश्चिमेकडच्या रंग उडालेल्या भिंतीवर वॉलपेपर लावावा का, असा तुमचा प्रश्न आहे. साताऱ्यात अठरा वर्षांत मी पाच भाड्याची घरे केली, त्या अनुभवावरून सविस्तर लिहीत आहे.

वॉलपेपर लावू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि ज्या भिंतीत ओल मुरते तिच्यावर कागद चिकटवला की आतला दमटपणा बाहेर पडायला वाट राहत नाही. कागदाच्या मागे बुरशी धरते आणि दिवाळीपर्यंत कडा सुटू लागतात. त्या भिंतीला कपाट किंवा गादीही टेकवू नका, चार बोटे मोकळी जागा सोडा. मालक तयार असतील, तर सामान तुमचे आणि मजुरी त्यांची अशा बोलीवर तेवढ्या एका भिंतीला चुन्याचा हात द्यावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, त्यामुळे ओलसर भिंतीवर तो प्लॅस्टिक पेंटपेक्षा बरा. मात्र जुना डिस्टेंपर आधी पूर्ण खरवडावा लागतो, आणि चुन्यात थोडा डिंक घातला नाही तर पाठ टेकताच कपडे पांढरे होतात.

खिळ्यांऐवजी चिकटणारे हूक वापरण्याचा सल्ला तुम्हाला बहुतेक सगळेच देतील. ते स्वयंपाकघराच्या टाइल्सवर, काचेवर आणि ऑइल पेंटच्या दारावर उत्तम टिकतात. डिस्टेंपरच्या भिंतीवर नाही. गोडोलीतल्या घरात मी असा एक हूक लावून त्यावर घड्याळ टांगले होते. आठवड्याभरात हूक पडला आणि त्याच्यासोबत तळहाताएवढा पोपडा निघून आतला गिलावा उघडा पडला. घर सोडताना त्यापोटी अनामतीतून पैसे कापले गेले, आणि ती भिंत आधीपासून फुगलेली होती हे दाखवायला माझ्याकडे काहीही नव्हते. म्हणून सामान लावण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे, नळाचे, दाराचे फोटो काढून मालकांना त्याच दिवशी पाठवून ठेवा. करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. रंगाबाबत जे ठरेल ते त्यातच लिहून घ्या.

आता दहा हजारांविषयी. घर सोडताना घडी घालून पेटीत भरता येईल, अशाच वस्तूंवर यातला मोठा भाग खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. म्हणजे मुख्यतः कापड. त्याआधी दिवे बदला, कारण एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही: बसायच्या खोलीतला ६५०० केल्विनचा पांढराफटक दिवा काढून ठेवा आणि २७०० किंवा ३००० केल्विनचा पिवळसर एलईडी लावा. उडालेला रंग त्या उजेडात निम्मा झाकला जातो. स्वयंपाकघरात मात्र पांढराच राहू द्या, तांदूळ निवडताना तो लागतो.

जमिनीवर, विशेषतः शहाबादी फरशी असेल तर, मी माण-खटावकडची घोंगडी अंथरते. थंडीत पायाला ऊब मिळते आणि तिचा काळा-करडा रंग धूळ दाखवत नाही. फक्त पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा ऊन द्यावे, नाहीतर कसर लागते. सोफा घेऊ नका. पत्र्याच्या दोन पेट्या शेजारी ठेवून त्यांवर गादी आणि घरची गोधडी घातली, की बैठकही होते आणि हिवाळ्याची पांघरुणेही आत राहतात. काचेच्या बाटलीत मनीप्लांट ठेवलात तर दर आठवड्याला पाणी बदला, म्हणजे डासांच्या अळ्या होणार नाहीत.

राहिले पडदे, ज्यांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते. तयार पडद्यांऐवजी खणआळीत फिरून इचलकरंजीच्या मागावरचे जाड सुती कापड मीटरवर घ्या. खिडकीच्या रुंदीच्या किमान दीडपट कापड लागते, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा चादर टांगल्यासारखा दिसतो. शिवायला देण्यापूर्वी ते रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. बहुतेक घरांच्या लाकडी चौकटीत जुन्या भाडेकरूंनी मारलेले हूक असतातच, त्यांत पडद्याची स्प्रिंग अडकवा. नसतील तर ती खिडकीच्या गजांना बांधता येते. आणि शिंप्याला खालची दुमड सहा इंचांची ठेवायला सांगा. पुढच्या घराची खिडकी उंच निघाली, तर तेवढी दुमड उसवून पडदा लांबवता येतो. माझ्या बैठकीतले पडदे अशा रीतीने सध्या तिसऱ्या घरात आहेत, आणि दुमडीत अजून दोन इंच शिल्लक आहेत.