लांब पल्ल्याच्या ट्रेकमध्ये वाटेतल्या गावात पूर्ण दिवस थांबावं का?

तुम्ही विचारलंय की महिनाभर रोज चालायचं असताना वाटेतल्या गावात अख्खा दिवस थांबावं, की शिधा भरून लगेच पुढे निघावं, आणि थांबल्याने लय तुटते का. माझं मत: थांबा, पण गावात सकाळीच पोचा आणि सलग दोन रात्री मिळतील असं थांबा.

पहिल्या मोठ्या ट्रेकमध्ये मी हे चुकले. अंधार पडता पडता गावात पोचायचे आणि दुसरा दिवस कपडे, खरेदी, चार्जिंग यातच जायचा. दिवसभर दुकानं शोधत पायपीट व्हायची. तिसऱ्या सकाळी सॅक उचलली की टाचा तशाच ठणकत असायच्या.

आता आदला मुक्काम मी गावाच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर करते, म्हणजे सकाळी दहाच्या आत गावात पोचता येतं. परदेशातल्या लांब वाटांवर चालणारे अशा थोडंसंच चालण्याच्या दिवसाला 'नीरो' म्हणतात आणि अजिबात न चालण्याच्या दिवसाला 'झीरो'. सगळी कामं नीरोच्याच दिवशी उरकायची. सर्वांत आधी तंबू आणि स्लीपिंग बॅग पसरून वाळत घाला. पिसांची बॅग ओल धरून बसली की तिची ऊब जाते, आणि ती वाळायला वेळही फार लागतो. हात मात्र साबणाने धुवा. ट्रेकर गर्दीने राहतात तिथे जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस पसरतो आणि सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. खरेदीला जेवून जा. भुकेल्या पोटी गेलात तर दोन दिवसांचा जास्तीचा शिधा पाठीवर येतो. कोरडा शिधा दिवसाला साधारण 700 ते 900 ग्रॅम धरला, तरी पाच दिवसांचे चार किलो होतात.

मग दुसरा दिवस खराखुरा मोकळा मिळतो. खा, झोपा, पाय उशीवर ठेवून पडून राहा.

हे इतकं आग्रहाने सांगण्याचं कारण म्हणजे शरीराचे सगळे भाग सारख्या वेगाने सावरत नाहीत. पोटभर भात-पोळी-बटाटे खाल्ले तर स्नायूंमधला साखरेचा साठा एक-दोन दिवसांत भरून येतो आणि अंगात जोर आल्यासारखं वाटतं. स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे मात्र मागे राहतात. त्यांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे नव्या भाराची सवय व्हायला त्यांना कितीतरी जास्त वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोटऱ्या भक्कम झालेल्या असतात, आपण उत्साहाने अंतर वाढवतो आणि नेमकी तेव्हाच टाच किंवा नडगी धरते. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत बरं वाटत असतानाही थांबा. थकून कोसळल्यावर घेतलेली विश्रांती उशिराची असते.

झीरोनंतरच्या सकाळी पहिली पावलं नीट पाहा. आखडलेपण दहा-पंधरा मिनिटांत सुटलं तर निघा. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, भार टाकल्यावर कळ वाढत असेल, तर तो हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो. अशा वेळी पुढे चालू नका, डॉक्टरांना दाखवा.

लय तुटते का? एका दिवसाने नाही. सलग तीन दिवस गादीवर काढले तर माझं मन बाहेर पडायला कुरकुर करतं. ट्रेक सोडून द्यावासा वाटला आणि शरीर ठीक असेल, तर तो निर्णय गावातल्या खोलीत घेऊ नका. एक दिवस चालून पाहा, मग ठरवा.

निघायच्या दिवशी सॅक सर्वांत जड असते. त्या दिवशी नेहमीच्या निम्म्याच अंतरावर मुक्काम ठेवा आणि तासाभराने बूट काढून पाय पाहा. धुतलेल्या मोज्यांची नवी घडी कुठे घासत असेल, तर फोड यायच्या आत तिथे पट्टी लावून टाका.